इंग्लंडमध्ये पोलिसांनी झडतीसाठी अडवले तर

इंग्लंड किंवा वेल्समध्ये रस्त्यात पोलिसाने झडतीसाठी अडवले, तर घाईघाईने खिशात हात घालण्याआधी शांतपणे विचारावे की झडती कोणत्या कायद्याखाली, कशाच्या शोधात आणि कोणत्या संशयावरून किंवा आदेशावरून घेतली जात आहे. हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक असते. नेहमीच्या झडतीत नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नसते, चारचौघांत कोट, जाकीट आणि हातमोजे एवढेच उतरवायला लावता येते, आणि लेखी नोंद जागेवर मिळाली नाही तर 3 महिन्यांच्या आत मागता येते. ती मागावीच, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात तेवढाच कागद असतो.

2000 सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचे कलम 44 संशयाविनाच झडतीची मुभा देत असे. लंडनमधील शस्त्रास्त्र प्रदर्शनाजवळ 2003 मध्ये अडवलेल्या एका निदर्शकाच्या आणि एका पत्रकाराच्या अर्जावर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2010 मध्ये त्यात खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला, आणि पुढे अधिक काटेकोर कलम 47अ आले.

विमानतळावर मात्र हुज्जत घालू नये, कारण तिथे याच दहशतवादविरोधी कायद्याच्या परिशिष्ट 7 नुसार संशयाशिवायही 6 तासांपर्यंत थांबवता येते आणि उत्तर नाकारणे हाच गुन्हा ठरू शकतो.