गावात कॉमिक्सची बैठक बसवायची असेल तर आधी चित्र बघा, मग वाचा

तर राजेहो, गावात चार-पाच जण जरी कॉमिक्सचे शौकीन असले तरी बैठक बसते. पण होते काय की सगळे जमतात अन् राज कॉमिक्सच्या हिरोंपैकी नागराज भारी का ध्रुव भारी यावरच दुपार जाते, चित्राबद्दल कोणी शब्द काढत नाही, आणि ज्या माणसानं मान मोडून ते पान काढलं त्याचं नावही कोणाला माहीत नसते. मला हे मनापासून खटकते, म्हणून आम्ही कसं करतो ते लिहून राहिलो.

वेळ पहिले ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसात कोणाला बोलावूच नका, पोट्टे पण वावरात असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार बेस, तसंही बाहेर कोणी निघत नाही. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं वाचनालय, काहीही चालते, फक्त उजेड चांगला पाहिजे. कूलरसमोर मात्र पुस्तकं मांडू नका, ओली हवा लागली की पानं फुगतात.

माल घरातूनच निघते. माळ्यावरच्या पेट्या उघडायला लावा, म्हाताऱ्या माणसांना आवर्जून विचारा, कारण इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं अन् १९९० ला बंद पडलं, मराठीतही निघायचं, म्हणजे त्यातले वेताळ (फँटम) आणि जादूगार मँड्रेक वाचणारे लोक आज आजोबा झालेले आहेत. कोणाकडे चांदोबाचे अंक भेटले तर तेही आणा, ते कॉमिक्स नाही हे खरं, पण शंकर यांनी काढलेला खांद्यावर प्रेत अन् हातात तलवार घेतलेला विक्रम बघितला की म्हातारे लोक आपोआप बोलायला लागतात. बाकी नागपूरला गेलात तर सीताबर्डीवर जुनी पुस्तकं चाळा, रद्दीवाल्यालाही सांगून ठेवा.

आता खरं काम. एक पान मधात ठेवा आणि त्यातले सगळे फुगे, म्हणजे पात्रांचं बोलणं लिहिलेले गोल, कागदाच्या चिटोऱ्यांनी झाका. सगळ्यांनी दोन मिनिटं नुसतं बघायचं, मग एकेकानं बोलायचं, पण नियम एकच, बोट ठेवून बोला. "भारी आहे" चालणार नाही, कुठं भारी आहे तिथं बोट ठेवा. या चौकटीतून त्या चौकटीत नजर कशानं गेली, हातानं, भाल्याच्या टोकानं, का कोणी तिकडं बघून राहिला म्हणून? दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडून गेलं जे काढलंच नाही? काळी शाई कुठं ओतली अन् कुठं जागा कोरी सोडली? पान उलटायच्या आधीची शेवटची चौकट तर नक्की बघा, चित्रकार तिथं काहीतरी लटकवून ठेवते. लहान पोट्ट्यांना आधी बोलू द्या, ते खूप बारीक बघतात, मोठे लोक गोष्टीतच अडकतात.

मग एकच हिरो दोन चित्रकारांचा घ्या. नागराज १९८६ चा, सुरुवातीचा प्रताप मुळीक यांनी काढला, आपल्या पुण्याचे, अमर चित्र कथेतही त्यांचं मोठं काम. त्यांचा नागराज हाडामांसाचा माणूस वाटते, अंगाची ठेवण बघतच राहावं अशी. नंतर अनुपम सिन्हांनी नागराज काढला, ध्रुव तर त्यांचाच, १९८७ चा. त्यांचं पान चौकटींनी गच्च भरलेलं, सगळं पळून राहिलं, उडून राहिलं, फुटून राहिलं. दोन्ही पानं बाजूबाजूला ठेवा आणि चांगलं कोणतं हे विचारूच नका, वेगळं काय एवढंच विचारा. मला स्वतःला मुळीकांची रेघ जास्त जवळची वाटते, पण आमच्याकडले पोट्टे सिन्हांवर जीव टाकतात, आणि त्यांनी बोट ठेवून सांगितलं की पटतेही.

एक पुस्तक मात्र कसंही करून मिळवा, २०११ चं 'भीमायन'. बाबासाहेबांचं आयुष्य, आणि चित्रं दुर्गाबाई व्याम अन् सुभाष व्याम यांची, दोघंही मध्य प्रदेशातले परधान गोंड कलाकार. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडं गोंड-परधान लोकं आहेतच, त्यामुळं इथं हे पुस्तक परकं वाटतच नाही. त्यात सरळ चौकटी नाहीत, घराच्या भिंतीवर अन् जमिनीवर जी डिगना नावाची नक्षी काढतात तिनंच पान वाटलेलं आहे. आणि फुगे बघा, साधं, मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, जातीचं विष असलेलं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात, मनातला विचार असला तर फुग्याला डोळा. अक्षर न येणारी आजीसुद्धा सांगू शकते की कोण वाईट बोलून राहिला. फुगे झाकायचा नियम इथं उलटा करा, आधी फुगेच दाखवा, चित्र नंतर. अमर चित्र कथेचा दिलीप कदम यांनी काढलेला बाबासाहेबांचा अंक सापडला तर तोही शेजारी ठेवा, तीच माणसं, तेच पाणी नाकारणं, आणि काढायची रीत केवढी वेगळी! यावर दुपार कमी पडते.

शेवटी सगळ्यांना पेन्सिल द्या, आवडलेली एक चौकट बघून काढायची. चांगली येवो न येवो, हाताला समजते की त्या एका मनगटात किती मेहनत आहे.

पुस्तकं जपायचं थोडक्यात. लोखंडी पेटी, खाली दोन विटा म्हणजे वाळवी चढणार नाही, आत कडूनिंबाचा वाळलेला पाला, ओला अजिबात नाही. फाटलं तर सेलोटेप लावू नका, पिवळी पडून पान खाते. गंजलेल्या पिना हळूच काढून सुती दोऱ्यानं शिवा. पावसाळ्यात पेटी कोरड्या दिवशी उघडा, पानं सावलीत वाळवा, उन्हात रंग उडते. घरी न्यायला देत असाल तर वहीत नाव लिहून घ्या, आणि पुस्तकाच्या नावापुढं चित्रकाराचं नावही त्या नेणाऱ्यालाच शोधून लिहायला लावा, बहुतेक वेळा ते पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते.