मुंबईत बसून इंग्रजी अमदानीच्या कागदांत आपलं गाव आणि समाज कसा शोधावा

सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी माहिती देणाऱ्या ग्रंथांपासून करावी. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले हे जिल्हावार खंड राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइन ठेवले आहेत. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, कुलाब्याचा १८८३ चा. थेट पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपून ठेवलेल्या ठिकाणी गेलात तर काय मागायचं हेच कळत नाही आणि दिवस वाया जातो.

गाव शोधताना आजचा जिल्हा बाजूला ठेवा. सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरी-सावंतवाडीच्या खंडात मिळेल, पालघरचं ठाण्याच्या. पनवेल आणि कर्जतही ठाण्याच्याच खंडात आहेत. नावांची गफलत इथेच होते. 'कुलाबा जिल्हा' म्हणजे अलिबागच्या किल्ल्यावरून नाव पडलेला आजचा रायगड. मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा संबंध नाही. ठाणे खंडातला 'माहीम तालुका' हा केळवे-माहीमचा, दादरशेजारच्या माहीमचा नव्हे. स्पेलिंगही एकसारखं नसतं, म्हणून गावाच्या नावाची चार-पाच रूपं लिहून ठेवा आणि प्रत्येक रूप शोधा.

खंडाची मांडणी ठरलेली असते. लोकांविषयीचं प्रकरण तिसरं, गावांची वर्णनं शेवटी. समाजाचे आकडे उतरवताना ते कोणत्या खानेसुमारीचे (जनगणनेचे) आहेत हे शेजारी लिहाच. १८८० च्या रत्नागिरी खंडात १८८१ ची गणती असणं शक्य नाही, तिथले आकडे १८७२ चे. दोन खंडांची तुलना करताना हे सुटलं की लोकसंख्या वाढली-घटली असे खोटे निष्कर्ष निघतात.

खरी मेहनत वर्णनं वाचताना लागते. अख्ख्या जमातीला आळशी, दारूबाज, चोर अशी विशेषणं लावलेली तुम्हाला दिसतील. ती जशीच्या तशी उचलून आजच्या लेखनात घालू नका. हा त्या समाजावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरतो. कुठल्याही जमातीचं वर्णन त्याच जिल्ह्याच्या जंगल, जमीन आणि सारा यांच्या प्रकरणांसोबत वाचा. कातकऱ्यांचंच घ्या. खैराच्या लाकडापासून काथ काढणं हा त्यांचा धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांचा फास आवळत गेला, खैर तोडण्यावर बंधनं आली आणि पुढे कोळसाभट्ट्या, सावकाराची बांधील मजुरी हेच वाट्याला आलं. गॅझेटियर ज्याला स्वभाव म्हणतं, त्यामागे पोट मारलं गेल्याचं कारण असू शकतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदाही याच नजरेतून आला आणि १९५२ पर्यंत टिकला.

यानंतर काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात जा. ओळखपत्र न्या आणि विषय, जिल्हा, वर्षांची मर्यादा लिहून अर्ज करा. 'माझ्या गावाचे कागद' असं मागू नका. सूची पाहून विभाग, साल आणि खंड क्रमांक लिहून मागणी द्या. बहुतेकांना महसूल विभागाचे कागद उपयोगी पडतात. पेशवे दप्तर मात्र पुण्यात आहे.

मोडी कागद हाती आला तर आधी साल सोडवा. शालिवाहन शकात ७८ मिळवा; पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलतं, तिथपासून ७९. फसली, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या सालात ५९० मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ५९१. मराठ्यांच्या दप्तरांत चालणारा सुहूर सन बहुधा अरबी शब्दांत असतो आणि एककापासून वाचायचा असतो: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०; हेही वर्ष जूनच्या सुमारास, मृगापासून सुरू होतं. हेच साल हिजरी धरलंत तर १७५७ येतं, फसली धरलंत तर १७६१. त्यातल्या १७५७ ला पानिपत व्हायचं होतं, १७७० ला होऊन गेलं होतं. म्हणजे कागदातली माणसं भलत्याच काळात जाऊन बसतात. खात्रीसाठी कागदातल्या अधिकाऱ्याचं नाव त्या वर्षी त्या जागी होतं का, हे ताडून पाहा.

टिपण काढताना प्रत्येक नोंदीवर विभाग, साल, खंड आणि पान लिहा. मूळ शब्द अवतरणचिन्हांत ठेवा, तुमचा अर्थ खाली वेगळा लिहा. मग ते टिपण घेऊन गावात जा आणि देवस्थानाचे मानकरी, जुने फेरफार आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांच्याशी ते पडताळा. जिथे जुळत नाही, तिथे दोन्ही बाजू तशाच नोंदवून ठेवा.