कुंडीतला ट्युलिप : पोळ्यापासून संक्रांतीपर्यंतची तयारी

ट्युलिपचा कंद आपल्या हातात येतो तेव्हा फूल त्याच्या पोटात आधीच घडलेलं असतं. दांडा लांब होऊन ते वर यायला मात्र १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, तीही २ ते ९ अंशांची. श्रीनगरच्या बागेत हे काम तिथला हिवाळाच करतो, म्हणून मार्चअखेर तिथे रांगाच्या रांगा फुलतात. आपल्याकडे गोंदिया-नागपूरच्या बाजूला रात्रीचा पारा १०च्या खाली गेला तरी दुपारी २७-२८ असतोच; रात्री कमावलेलं दुपारी गेलं. सलग थंडी खेड्यातल्या घरात मिळेल ती फ्रीजमध्येच. तीन महिने तिथे जागा देणं जमणार नसेल तर ग्लॅडिओलस लावा, तो हिवाळ्यात इथे झकास येतो.

हिशेब शेवटाकडून मांडा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढतं आणि कळी न उमलताच वाळते. म्हणजे फूल जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हवं. थंडी खाल्लेला कंद लावल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलतो, तेव्हा लागवड दत्तजयंतीच्या आगेमागे. तिथून १२ आठवडे मागे गेलं की सप्टेंबर येतो. म्हणून पोळा झाला की कंदांची चौकशी सुरू करायची. विकणाऱ्याला आधी हेच विचारा, कंद थंडीत ठेवलेले आहेत का, आणि असतील तर किती आठवडे. उरलेले आठवडे घरी भरून काढा. उत्तर गुळमुळीत आलं तर पूर्ण १२ धरा. घेताना दाबून बघा : कडक आणि वजनदार हवा, घेर १२ सेंटीमीटर किंवा जास्त. सालीवर निळसर बुरशीचा ठिपका असला तर पुसून टाका, पण मऊ पडलेला, आंबूस वास येणारा कंद घेऊच नका.

आता फ्रीज. कंद कागदी पिशवीत, पिशवीला भोकं पाडून, भाजीच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या खणात मुळीच नाही, गोठला की संपला. त्याच कप्प्यात पिकती केळी, सफरचंद, पेरू, सीताफळ नको : पिकताना या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी जळते. ऐन सीताफळाच्या दिवसांत हे पाळणं अवघड जातं, घरच्यांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. पिशवीवर जाड अक्षरात ‘खायचं नाही’ आणि ठेवल्याची तारीख लिहा. कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, विषारी असतो, आणि घाईच्या सकाळी फोडणीत जायला वेळ लागत नाही. लाइन गेली तर फ्रीज उघडू नका, काही तास थंडी टिकते. दर पंधरा दिवसांनी पिशवी बघून सडका कंद बाजूला काढला की झालं.

कुंडी मातीचीच घ्या, १०-१२ इंची, बुडाला मोकळं भोक असलेली. तेलाचा रिकामा पिपा फुकट मिळतो खरा, पण पत्रा उन्हात तापतो आणि मुळं भाजतात. माती हा आपल्याकडचा दुसरा अडथळा. कपाशीला मानवणारी काळी भारी माती पाणी धरून बसते आणि त्यात कंद कुजतो. दोन घमेली हलकी पोयट्याची माती, एक घमेलं जाडसर रेती आणि एक घमेलं चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण आठवडाभर आधी करून ठेवा. ओलं करून मुठीत दाबा. हात उघडल्यावर गोळा बोटाने फुटला पाहिजे. युरियाचा मोह टाळा, कंदाची शिदोरी त्याच्यातच असते. हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायला आणलेली ट्रायकोडर्मा भुकटी (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) उरली असेल तर चिमूटभर मिश्रणात टाका.

लावायच्या दिवशीच कंद फ्रीजमधून काढा, दोन दिवस ओट्यावर पडू देऊ नका. काहींना हाताळताना बोटांना खाज येते, हातमोजे असू द्या. टोक वर, चपटं बूड खाली, वर दोन-तीन इंच माती. कंदाची एक कूस चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे केली की पहिलं मोठं पान बाहेरच्या बाजूला झुकतं आणि कुंडी भरलेली दिसते. एका कुंडीत सहा-सात कंद बसतात, एकमेकांना चिकटू नयेत एवढंच. एकदा भरपूर पाणी, नंतर वरची माती सुकली की.

जागा पूर्वेची, छपरीत, दहापर्यंतचं ऊन लागेल अशी. रेती भरलेल्या घमेल्यात कुंडी ठेवून रेती ओली राखली की मुळं गार राहतात. कोंब येईपर्यंत वर जाळी हवीच, उंदीर आणि खारी कंद उकरतात.

फुलं सरल्यावर तोच कंद पुढच्या वर्षी आपल्या उन्हात फुलत नाही, जपून ठेवू नका. खताच्या खड्ड्यात टाका, पण खोल. शेळ्या-गुरांच्या तोंडी लागता कामा नये.