मधपाळ संघाचे सभासदत्व आणि पेट्यांचा विमा : बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शन

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी शेतकरी मधमाशीपालनाकडे वळतो तेव्हा त्याची पहिली नजर महाबळेश्वरकडे जाते, कारण महाराष्ट्राच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे आणि माहितीही आपल्या भाषेत मिळते. शिकण्यासाठी तेथे अवश्य जावे. मात्र महाराष्ट्र शासनाच्या योजना त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात, त्यामुळे अनुदानासाठी आपल्याला कर्नाटकाच्या फलोत्पादन खात्याकडेच, म्हणजे तालुक्याच्या ‘तोटगारिका’ कार्यालयाकडे जावे लागते. तेथे जाताना आधार, बँक पासबुक, शेतजमीन असल्यास पहाणी उतारा आणि कर्नाटकातील शेतकरी नोंदणीचा ‘फ्रूट्स’ क्रमांक सोबत ठेवावा. अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतो. कन्नड नीट वाचणारा कोणीतरी बरोबर न्यावा आणि प्रत्येक रकाना समजून घेतल्याखेरीज सही करू नये.

आपल्या भागात संघ आहे का, याची चौकशी याच कार्यालयात किंवा मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत करावी. संघ सापडला की वर्गणी भरण्यापूर्वी त्याची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे, हे विचारावे. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खालील संघात वार्षिक वर्गणी असते आणि त्याचा भर प्रशिक्षण, सल्ला व एकत्रित मागण्यांवर असतो. सहकारी संस्थेत तिचा भाग (शेअर) विकत घ्यावा लागतो, प्रत्येक सभासदाला एकच मत असते आणि मधाची खरेदी-विक्री संस्थेमार्फत होऊ शकते. सहकारी संस्थेच्या पोटनियमांत कार्यक्षेत्र लिहिलेले असते आणि सीमाभागात ते विशेष काळजीने पाहावे लागते, कारण चंदगड किंवा कागलच्या संस्थेचे कार्यक्षेत्र राज्याच्या हद्दीवर थांबत असेल, तर ओळखीच्या जोरावर मिळालेले सभासदत्व पुढे टिकत नाही. जवळपास संघच नसेल, तर सात जण एकत्र येऊन १९६० च्या कायद्याखाली नवा संघ नोंदवू शकतात.

संघाचा खरा उपयोग रोगाच्या वेळी कळतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने कर्नाटकासह दक्षिण भारतातील सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माश्यांच्या असंख्य वसाहती संपवल्या. या रोगात अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरतात, आणि ज्याला हे लक्षण ओळखता येत नाही तो आजारी वसाहतीतील चौकटी निरोगी पेटीत घालून रोग स्वतःच्या हाताने पसरवतो. अनुभवी सभासदाने एकदा पेटी उघडून दाखवली, तर हे पुस्तकापेक्षा लवकर समजते. शेजारच्या शिवारात औषध फवारण्याची वेळ आधी कळवली जावी, ती शक्यतो माश्या परतल्यावर संध्याकाळी असावी, ही विनंतीही एकट्या मधपाळाने करण्यापेक्षा संघाने केली तर अधिक ऐकली जाते.

विम्याकडे वळण्यापूर्वी राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी. २०२१ मध्ये सुरू झालेली ही नोंदणी केंद्र सरकारची असल्यामुळे ती दोन्ही राज्यांत सारखीच चालते. त्याच वेळी प्रत्येक पेटीवर न पुसणारा क्रमांक घालावा आणि वहीत क्रमांक, खरेदीची पावती, जागा व तपासणीची तारीख लिहावी. विमा कंपनी शेवटी हीच वही मागते.

पेट्या आणि वसाहती यांचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या ग्रामीण विभागात मिळू शकतो. आग, वणवा, पूर, वादळ आणि चोरी या धोक्यांपैकी कोणते त्यात येतात, हे एजंटाच्या तोंडी न घेता पॉलिसीच्या मजकुरात पाहावे. सातेरी माश्या उपासमारीने किंवा त्रासाने पेटी सोडून निघून जातात. हे नुकसान धरले जाते का, रोग आणि कीटकनाशकाचे विष धरले जाते का, अस्वलाने पेटी फोडली तर काय, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. सर्वांत महत्त्वाची बाब जागेची आहे. मी एका हंगामात काजूच्या मोहरासाठी काही पेट्या चंदगडच्या बाजूला हलवल्या आणि कंपनीला कळवायचे राहिले. तेथे पेट्या जळाल्या तेव्हा पॉलिसीत फक्त माझ्या गावाचा गट क्रमांक असल्याने दावा नाकारला गेला. म्हणून स्थलांतराच्या सगळ्या जागा, राज्याच्या हद्दीपलीकडच्याही, आधीच पॉलिसीत लिहून घ्याव्यात.

नुकसान झाले की जळक्या किंवा फुटलेल्या पेट्या लगेच आवरू नयेत. क्रमांक दिसतील असे फोटो काढून कंपनीला त्याच दिवशी कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत तक्रार द्यावी, आगीचा पंचनामा करून घ्यावा आणि कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत जागा तशीच ठेवावी.

पेट्यांसोबत स्वतःचाही विचार करावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिची मुदत १ जून ते ३१ मे असते, त्यामुळे मे महिन्यात खात्यात पैसे शिल्लक ठेवावेत. झाडावरून पडणे किंवा सर्पदंश अशा घटनेत रुग्णालयाची तात्काळ नोंद पुरावा ठरते, म्हणून दवाखान्याचे कागद घरी जपून ठेवावेत.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर बेंगळुरू येथील विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.