रक्ताची उलटी झाली? आधी या चुका टाळा

उलटीत रक्त दिसलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उष्णता वाढली असेल." मग थंड दूध, सब्जा, गुलकंद, नाहीतर दुर्वांचा रस. कोणीतरी फ्रीजमधली पित्ताची बाटली काढतं. तासाभराने उलटी थांबते, पेशंट झोपतो आणि सगळ्यांना वाटतं, उतार पडला.

उलटी थांबली म्हणजे रक्तस्राव थांबला असं नाही. जठरातलं रक्त खाली आतड्यात उतरत राहतं आणि पहाटे संडासात दिसतं: शी डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट, उग्र वासाची, बादलीभर पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसणारी. पेशंट उठायला जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तिथेच कोसळतो. मग धावाधाव. रात्रीचे सहा-सात तास मात्र दुधात गेलेले असतात. शिवाय पोट भरलेलं असेल तर दुर्बिणीच्या तपासणीत जखम नीट दिसत नाही आणि गुंगीत ते दूध श्वासनलिकेत जायची भीती वेगळी. म्हणून तोंडाने काहीही नको. पाणीही नको.

लाल रक्त दिसलं तर लोक निदान घाबरतात तरी. कॉफीच्या चोथ्यासारखी तपकिरी-काळी उलटी झाली तर "कालचं जेवण पडलं" म्हणून लादी पुसून मोकळे. तो चोथाही बहुतेक वेळा रक्तच असतो. जठरातल्या आम्लात थोडा वेळ राहिलं की त्याचा रंग तसा होतो. पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती घट्ट असते, हिरवट झाक मारते आणि चिकटत नाही. खोकल्याबरोबर आलेलं लालभडक, फेसाळ रक्त बहुधा फुप्फुसातलं असतं. तेही तातडीचंच, पण तपासणीची दिशा वेगळी.

दुसरी हट्टी चूक म्हणजे पहिल्या हिमोग्लोबिनवर विसंबणं. नेहमीचं चित्र असं: रात्री रिपोर्ट 12.5 येतो, नातेवाईक म्हणतात "रक्त तर चांगलं आहे", सही करून पेशंटला घरी नेतात. दुसऱ्या दिवशी तोच आकडा 7. मशीन चुकलेलं नसतं. रक्त वाहतं तेव्हा तांबड्या पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे उरलेल्या रक्ताची दाटी तीच राहते. अंगातलं पाणी किंवा सलाईन रक्तवाहिन्यांत भरलं की मग आकडा खाली येतो आणि त्याला कित्येक तास लागतात. सुरुवातीला आकड्यापेक्षा नाडी जास्त सांगते. पेशंट आडवा असताना मनगटावर 15 सेकंद मोजा, चारने गुणा. 100 च्या वर असेल, हातपाय गार असतील, घाम सुटला असेल तर मामला गंभीर आहे. मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल यांसारखं नाडी मंद ठेवणारं औषध चालू असेल तर मात्र नाडी वाढेलच असं नाही, तिच्यावर विसंबू नका.

दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका, चक्कर आली की तिघेही आडवे. 108 लावा, तोवर डाव्या कुशीवर झोपवा. निघतानाच फोन करून विचारा: रात्री एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) होते का, रक्तपेढी जवळ आहे का? पेशंट ग्लानीत असेल तर ही चौकशी सोडा आणि सर्वांत जवळचं हॉस्पिटल गाठा.

दारू लपवू नका. सुनेसमोर सांगायची लाज वाटते, मान्य. पण लिव्हर खराब असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असू शकतात. तिथे दुर्बिणीआधीच वेगळी इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक सुरू करावी लागतात, नंतर शिरेला रबरी बँड लावतात.

आता मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या. "जेवणावर घेतो, काही होत नाही" हे साफ चुकीचं आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं रक्तात जाऊन जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात, त्यामुळे इंजेक्शन घेतलं तरी अल्सर, म्हणजे जठरात जखम, होऊ शकतो. आणि दुखणं त्याच गोळीने दबलेलं असल्याने म्हाताऱ्या माणसांत अल्सरची पहिली खूण थेट रक्ताची उलटी असू शकते. सोबत स्टेरॉइड किंवा अ‍ॅस्पिरिन असेल तर धोका आणखी वाढतो. बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड निघतं, त्या पुड्याही हॉस्पिटलात न्या. स्वतःच्या मनाने अँटासिड घेत ही गोळी वर्षभर चालवणं हा शॉर्टकट नाही, उधारी आहे.

हृदयात स्टेंट असेल तर अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, ते हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांना मिळून ठरवू द्या.

अल्सर निघाला तर डिस्चार्जआधी अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी झाली का ते विचारा. रक्तस्राव चालू असताना ती कधी कधी खोटी निगेटिव्ह येते. तशी आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्या.