ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय? त्याच जागी नीट घासा

सकाळी चूळ टाकली आणि बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: त्या बाजूला ब्रश लावायचाच नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग रक्त आणखी वाढतं. निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं. तिथला ब्रश बंद केला की थर वाढतच राहतो.

डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे प्रयोगाने दाखवून दिलं. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावर हिरडी पूर्ण बरी होते, म्हणून तो ओळखायला हवा. दुर्लक्ष केलं तर काही जणांत सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. ज्याला आपण पायरिया म्हणतो तो हा. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही.

आधी आरशात पाहा

उजेडात उभं राहून ओठ वर करा. चांगल्या हिरडीची कड पातळ आणि दाताला घट्ट बसलेली असते, दोन दातांमधला तिचा त्रिकोण टोकदार असतो. रंग गुलाबी असेल किंवा काळपट-तपकिरी. सावळ्या माणसांत ती छटा नैसर्गिक आहे. सुजलेली हिरडी लाल, चकचकीत दिसते आणि त्रिकोणाचं टोक बोथट, फुगीर होतं. मग स्वच्छ नखाने एखाद्या दाढेच्या मुळाशी हलकेच खरवडा. नखात पांढरट मऊ लगदा आला तर ब्रश तिथे पोचत नाही हे नक्की.

हा लगदा ब्रशने निघतो. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात साचून एक-दोन दिवसांपासूनच तो कडक व्हायला लागतो. मग त्याचं किटण होतं, आणि किटण कितीही घासलं तरी घरी निघत नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे ते सर्वांत आधी धरतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. घासताना या दोन जागा विसरू नका.

ब्रश कसा धरायचा

मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. ‘हार्ड’ लिहिलेला घेऊ नका. त्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, मात्र हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मानेला खाच पडते. मग थंड पाणी लागलं की सणक जाते.

पद्धत अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते. दातांचे डॉक्टर आजही बहुतेक हीच शिकवतात. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत तिरके टेकवायचे, असे की अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. वरच्या दातांना केसांचं तोंड वर, खालच्यांना खाली. मग ब्रश जागेवरून न हलवता दोन-तीन मिलिमीटर इतकाच मागेपुढे थरथरवायचा, १० ते १५ वेळा. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित सरकली पाहिजेत. शेवटी मनगट फिरवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढायचा. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढे सरकायचं.

ब्रश मुठीत घट्ट धरला की जोर वाढतो, म्हणून पेन धरतो तसा बोटांत धरा. महिन्याभरातच केस बाहेर फाकले तर तुम्ही जोरात रगडता आहात हे समजा. एरवी तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की ब्रश बदलायचा.

अडचणीच्या जागा अशा: पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरून टोकाकडच्या केसांनी घासा. वरच्या शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला ब्रश शिरत नाही, कारण आपण तोंड मोठं उघडतो आणि गाल ताणला जातो. तोंड अर्धं मिटा, खालचा जबडा त्याच बाजूला किंचित सरकवा, जागा आपोआप होते. अक्कलदाढेच्या मागची बाजू शेवटी, ब्रशच्या टोकाने.

रोजचा क्रम ठरवून टाका: उजवीकडच्या वरच्या बाहेरच्या बाजूने सुरुवात करून पूर्ण फेरी, मग आतली फेरी, मग चावण्याचा भाग. क्रम नसला की हात त्याच सोप्या दातांवर फिरत राहतो आणि अवघड कोपरे रोज सुटतात. सगळं मिळून किमान दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातही रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि जंतूंना आम्ल तयार करायला मोकळं रान मिळतं. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको, गोड दूधही नको.

कोकम सरबत, लिंबू किंवा चिंच खाऊन दात आंबले असतील तर लगेच घासू नका. दाताचं वरचं कवच त्या वेळी मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

पेस्ट किती, कोणती

मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा पाहा. भारतात टूथपेस्टमध्ये तो १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००० भाग) वर नेता येत नाही आणि तो छापणं बंधनकारक आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. त्यांनी तोंड ताजं वाटेल, पण किडीपासूनचं मुख्य संरक्षण मिळणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट द्या, आणि घासून आपण द्या. घासून झाल्यावर फेस थुंकायचा आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत. ही सवय मोडायला कठीण आहे, पण चुळांबरोबर बरंचसं फ्लोराइड निघून जातं.

लहान मुलांच्या घरात एक गोष्ट हटकून सुटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक मोठी दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते, ‘पडेलच की’ म्हणून तिची कीड सोडून दिली जाते. ती कायमची दाढ आहे. तिच्या खोल खाचा डॉक्टरांकडून सीलंटने, म्हणजे कीड लागू नये म्हणून लावायच्या पातळ लेपाने, भरून घेता येतात.

दोन दातांच्या मधे

ब्रश उत्तम जमला तरी दोन दात एकमेकांना टेकतात तिथे तो जात नाही, आणि हिरडीचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो. दातांत फटी नसतील तर फ्लॉस वापरा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घेऊन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा. अंगठा आणि तर्जनीत दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा, करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत आत सरकवा. झटक्याने दाबला की हिरडी कापली जाते. आत गेल्यावर दोरा एका दाताला वेढून कडेखाली किंचित न्या आणि वरखाली चार-पाच वेळा पुसा, मग शेजारच्या दाताला. बरेच जण दोरा नुसता आत घालून बाहेर काढतात. त्याने अडकलेलं अन्न निघतं, थर तसाच राहतो.

फटी असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे इंटरडेंटल ब्रश जास्त चांगले. किंचित अडकत आत जाईल आणि मधली तार दाताला घासणार नाही, असा आकार निवडा. एकाच तोंडात दोन आकार लागू शकतात.

सुरुवातीचा आठवडा रक्त येईल. घाबरून थांबू नका. रोज नीट केलं तर दहा-पंधरा दिवसांत ते कमी होत जातं. पंधरा दिवसांनंतरही एखाद्याच जागी येत राहिलं तर तिथे किटण आहे किंवा दात आणि हिरडीमधे खोल पोकळी झाली आहे, दाखवून घ्या. एकाच फटीत दर जेवणाला बडीशेप नाहीतर मटणाचा धागा अडकत असेल तर तिथे कीड किंवा बिघडलेलं फिलिंग असू शकतं. टाचणीने कोरत बसलात तर तिथली हिरडी जखमी होते.

मशेरी, राखुंडी आणि औषधी चुळा

मशेरीने हिरड्या ‘घट्ट’ होतात हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला आहे, आणि त्यामागे एक फसवं कारण आहे. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसत नाही, आत मात्र हाड झिजत राहतं. जिथे मशेरी लावली जाते तिथली हिरडी खाली सरकते, पांढरे चट्टे येतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. मशेरी मात्र घरीच तव्यावर भाजली जाते. ती सोडल्यावर काही दिवस हिरडीतून जास्त रक्त येऊ शकतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही, रक्तपुरवठा पूर्ववत होत असतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे अधूनमधून पाहावं. जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल, तर डॉक्टरकडे लगेच जा. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा यांनाही हेच लागू.

राखुंडी, कोळशाची पूड, गेरूचं खरखरीत मंजन यांनी डाग घासले जातात आणि सोबत दातही. कडुनिंबाची काडी चावून कुंचल्यासारखी मऊ करून हिरडीकडून टोकाकडे फिरवली तर वाईट नाही, पण आतल्या बाजूला आणि फटींत ती पोचत नाही.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा (०.२ टक्के, १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा) डॉक्टरांनी सांगितल्या तरच आणि सहसा दोन आठवड्यांच्या आतच घ्याव्यात. पेस्टनंतर अर्धा तास थांबून घ्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने तिचा परिणाम घटतो. जास्त दिवस घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना तर लवकर.

किटण काढल्याने दात हलतात का

नाही. उलट घडतं असं: वर्षानुवर्षांच्या किटणाने हाड झिजून दात आधीच सुटलेले असतात आणि तेच किटण खालच्या पुढच्या दातांना एकत्र बांधून ठेवतं. ते निघालं की हालचाल जाणवते, फटी दिसतात आणि दोष सफाईवर जातो. काही दिवस गारवा झोंबतो, तो हळूहळू कमी होतो.

बहुतेकांना सहा महिन्यांतून एकदा तपासणी करून घेणं बरं. डॉक्टर बारीक खुणांची सळई हिरडीच्या कडेखाली घालून तिथली पोकळी किती खोल आहे ते मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा त्याहून जास्त भरलं आणि रक्त आलं तर हिरडी बधिर करून मुळांवरची खोल सफाई लागू शकते. अशांना पुढेही तीन-चार महिन्यांनी यावं लागतं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं किंवा मुंबईचं नायर दंत महाविद्यालय हे चांगले पर्याय आहेत.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. साखर वाढलेली असली की हिरडी बरी होत नाही, आणि हिरडीची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. रक्तदाबासाठीचं अम्लोडिपिन आणि फिटसाठीचं फेनिटोइन यांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात. गोळी स्वतः बंद करू नका, ती लिहून देणाऱ्यांशी बोला. गरोदरपणात हिरड्या पटकन सुजतात. त्या काळात सफाई करून घेता येते, मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे.

आता पांढरेपणा

हिरड्या बऱ्या झाल्या आणि किटण निघालं की बऱ्याच जणांचं हसू तेवढ्यानेच उजळतं, म्हणून हा विषय शेवटी. चहा-तंबाखूचे वरचे डाग पॉलिशिंगने जातात. लिंबू-सोडा चोळू नका. आम्लाने कवच विरघळतं आणि खालचा पिवळा थर जास्त दिसायला लागतो.

यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग कायमचे उमटतात, कारण ते कवच तयार होतानाच त्यात मुरलेले असतात. ते घासून जात नाहीत. डागाच्या खोलीनुसार वरचा थर बारीक घासणं, ब्लीचिंग किंवा व्हिनीअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण) यांतला उपाय निवडावा लागतो. अशा गावात मूळ काम पाणी तपासून घेण्याचं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही.

ब्लीचिंगने फक्त नैसर्गिक दात उजळतात, कॅप आणि फिलिंगचा रंग बदलत नाही. त्यामुळे पुढच्या दातांत फिलिंग करायचं असेल तर आधी ब्लीचिंग करून दोन आठवडे थांबा, रंग स्थिरावू द्या आणि मग त्या छटेशी जुळणारं फिलिंग करून घ्या.