मतदार यादी: घरातल्या सगळ्यांची नावे एका बैठकीत तपासून घ्या

निवडणूक जाहीर झाली की तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत रांग लागते आणि त्या रांगेतल्या अनेकांच्या हातात मतदार ओळखपत्र असते. कार्ड आहे, पण यादीत नाव सापडत नाही. मत देता येते ते यादीतल्या नावावर. कार्ड घरी विसरले तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांतले काहीही दाखवून मतदान करता येते. नाव नसेल तर कुठलेही कार्ड कामाला येत नाही. म्हणून हे काम निवडणुकीचा गाजावाजा नसतानाच उरकावे. तेव्हा बीएलओंनाही (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनाही) फोन उचलायला वेळ असतो.

एखादा रविवार धरा. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांची कार्डे बाहेर काढा. तीन अक्षरे आणि सात अंक, असा दहा खुणांचा क्रमांक कार्डावर असतो. तो निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल अॅपमध्ये टाकला की नाव शोधता येते. तिरक्या रेघांचा लांबलचक क्रमांक असलेले जुने कार्ड असेल आणि त्यावरून काही हाती लागत नसेल, तर नाव, वय आणि विधानसभा मतदारसंघ टाकून शोधा. नाव सापडले की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक (साधारण एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग) आणि त्या भागातला अनुक्रमांक हे तिन्ही वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक कामात हे आकडे विचारले जातात.

एवढ्यावर थांबू नका. त्या यादी भागाची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या आणि आपल्या घर क्रमांकापाशी जा. खरी परिस्थिती तिथेच दिसते. वारलेले आजोबा अजून यादीत असतात, सोडून गेलेला भाडेकरू आपल्याच पत्त्यावर असतो, लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव तसेच असते आणि आलेल्या सुनेचे नाव कुठेच नसते. कधी नवरा एका भागात आणि बायको दुसऱ्या भागात, म्हणजे एकाच घरातली दोन माणसे दोन केंद्रांवर.

मग नावांचे लेखन बघा, मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळे. ऑनलाइन अर्जात इंग्रजी नाव टाइप केले की मराठी नाव आपोआप उमटते आणि तिथे काळे यांचे काले होतात, लोणकर यांचे लोनकर. अर्ज पाठवण्याआधी मराठी रकाना स्वतः दुरुस्त करणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. जन्मतारीख, लिंग, वडिलांचे की पतीचे नाव आणि फोटो याच क्रमाने बघून घ्या.

आता अर्जांचे नमुने. घरगुती कामाला तीनच पुरतात: पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर नमुना ६, नाव वगळायचे असेल तर नमुना ७, बाकी सगळ्याला नमुना ८. पत्ता बदलणे, नोंदीतली चूक सुधारणे, हरवलेल्या कार्डाऐवजी नवे मागणे आणि दिव्यांग म्हणून नोंद करून घेणे ही कामे २०२२ च्या ऑगस्टपासून नमुना ८ मध्येच होतात. एका अर्जात यातले एकच काम निवडायचे असते. आधारची माहिती देण्यासाठी नमुना ६ ब आहे, तो ऐच्छिक आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नमुना ६ आणि ८ मध्ये. घर बदलले किंवा लग्न होऊन सासरी आले की लोक सरळ नमुना ६ भरतात. त्याने जुने नाव तसेच राहते आणि दुसरे तयार होते. नमुना ६ वर तर 'माझे नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही' असे लिहून द्यावे लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही आणि जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलगी नाशिकहून पुण्याला गेली तरी तिने नमुना ८ मध्ये स्थलांतरच निवडायचे. जुन्या ठिकाणचे नाव त्यातूनच निघते आणि कार्डाचा क्रमांक तोच राहतो. कुणी 'ते अवघड पडते, नवीनच भर' असा सल्ला दिला तर ऐकू नका.

नाव कुठे ठेवायचे, यावर घरोघरी वाद होतात. कायदा विचारतो की माणूस सामान्यतः राहतो कुठे. गावी घर किंवा सातबारा आहे एवढ्याने तिथला मतदार होता येत नाही. उलट काही दिवस बाहेरगावी गेल्याने राहत्या ठिकाणचा हक्कही जात नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. मात्र दोन्हींपैकी एकच.

नव्या मतदारासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात. मे महिन्यात अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीची तारीख १ जुलै. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देता येतो, म्हणून बारावीच्या कागदपत्रांची जमवाजमव चालू असतानाच हेही उरकावे. पासपोर्ट आकाराचा ताजा फोटो हवा. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, राष्ट्रीयीकृत बँकेचे अथवा टपाल खात्याचे पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. नमुना ६ मध्ये त्याच पत्त्यावरच्या, आधीच यादीत असलेल्या घरच्या माणसाचे नाव आणि त्याचा कार्ड क्रमांक विचारतात. तो नक्की लिहा. मूल आईवडिलांच्याच यादी भागात यायला त्याची मदत होते.

वारलेल्या माणसाचे नाव काढायला घरचे कचरतात, हे समजण्यासारखे आहे. पण ते नाव राहिले तर त्यावर दुसऱ्याने मत टाकण्याची फट राहते. दिवसकार्ये आटोपली, मृत्यूचा दाखला हातात आला, की बँकेच्या आणि रेशनच्या कामांबरोबर नमुना ७ चेही काम लावून टाका.

घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर नमुना ८ मधली नोंद टाळू नका. त्यावरून केंद्रावर व्हीलचेअरसारख्या सोयी करता येतात. ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाचा पर्याय असतो, पण तो आपोआप मिळत नाही. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ ड द्यावा लागतो. म्हाताऱ्यांचे वय यादीत चुकीचे, कमी लागले असेल तर ते आधीच सुधारून घ्या.

अर्ज दिल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक वहीत त्या त्या नावापुढे लिहा. मग बीएलओ पडताळणीला घरी येतात. ते बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि आपले मूळ काम सांभाळून हे करतात. दुपारी घराला कुलूप असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. बीएलओंचा फोन नंबर पोर्टलवर मिळतो, नाहीतर १९५० या हेल्पलाइनवर विचारा. अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला तरी यादीत नाव प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नका. नामंजूर झाला तर कारण विचारा. जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा दावे आणि हरकतींसाठी ठरावीक मुदत असते, तेव्हा घरच्यांची नावे पुन्हा एकदा बघा. लोकसभा-विधानसभेच्या वेळी उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही, आणि अर्जाची छाननी व्हायलाही दिवस लागतात.

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांची गोष्ट वेगळी आहे. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण मतदारांची नवी नोंदणी तो करत नाही. ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांनुसार विभागली जाते. प्रभाग चुकला तर हरकत घेता येते. विधानसभेच्या यादीतच नसलेले नाव तिथे घालता येत नाही. आणि घरात पदवीधर असतील तर एक जादा काम: विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून मागच्या वेळी मत दिलेल्यांनाही नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. शिक्षक मतदारसंघासाठी नमुना १९.